भाकरी सुरू केली, तरी साखर का उतरली नाही?

गेल्या महिन्यात आलेल्या बऱ्याच पत्रांत एकच वाक्य निरनिराळ्या अक्षरांत लिहिलेले आढळले : अमुक बंद केले, तमुक सुरू केले, तरी रिपोर्ट तसाच. म्हणून या वेळी रक्तातली साखर, पचन आणि भूक यांविषयीचीच पत्रे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली असून जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत. औषधांची मात्रा या सदरातून ठरवता येत नाही, ती आपापल्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवावी.

प्रश्न : माझे वय ५४ असून दोन वर्षांपासून मधुमेह आहे. पूर्वी मी एका जेवणात तीन पोळ्या आणि वाटीभर भात घेत असे. चार महिन्यांपूर्वी दोन्ही पूर्ण बंद केले. आता दोन्ही वेळेला ज्वारीच्या किंवा बाजरीच्या दोन भाकरी आणि पालेभाजी घेतो, आणि सकाळी नागलीचे सत्त्व दूध-गूळ घालून पितो. तीन महिन्यांची साखर ७.४ होती, ती ७.५ आली. मग भाकरीचा उपयोग काय?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : ७.४ चे ७.५ झाले म्हणजे साखर वाढली, असे समजू नये. 'तीन महिन्यांची साखर' म्हणून आपण ओळखतो ती एचबीएवनसी तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा सरासरी अंदाज देते, आणि एवढा फरक एकाच माणसाचे रक्त दोनदा तपासले तरी पडू शकतो. तुमची साखर होती तिथेच राहिली आहे. ती का राहिली, याचे उत्तर तुमच्या पत्रातच आहे. फक्त ते वजनकाट्यावर ठेवून पाहावे लागेल.

घरच्या मध्यम पोळीला २५ ते ३० ग्रॅम कणीक लागते आणि तिच्यातून सुमारे २० ग्रॅम कर्बोदके मिळतात. वाटीभर शिजलेल्या भातातून ३० ग्रॅमच्या आसपास मिळतात. म्हणजे तीन पोळ्या आणि भात मिळून तुमच्या जुन्या जेवणात साधारण ९० ग्रॅम कर्बोदके होती. आता भाकरीकडे पाहू. आपल्याकडच्या हातावर थापलेल्या चांगल्या जाड भाकरीला ६० ते ७० ग्रॅम पीठ सहज लागते आणि तिच्यातून ४० ते ४५ ग्रॅम कर्बोदके येतात. अशा दोन भाकरींची बेरीज पुन्हा ९० च्या घरात जाते. तुम्ही पीठ बदलले, पण पिठाचे माप बदलले नाही. 'भाकरीने साखर वाढत नाही' हे वाक्य माझ्यासमोर इतक्या खात्रीने उच्चारले जाते की मी टेबलावर एक लहान वजनकाटा कायमचा ठेवून दिला आहे. बहुतेकांना आपल्या घरची भाकरी एवढी वजनदार असेल, याची कल्पनाही नसते.

भाकरीत तंतुमय भाग पुष्कळ असतो, हे खरे आहे. पण चोकर न काढलेल्या कणकेतही तो तेवढाच असतो, ही गोष्ट क्वचितच कोणी सांगते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांत ज्वारी, बाजरी, नागली आणि सबंध गव्हाचे पीठ या चौघांतही १०० ग्रॅममागे साधारण १० ते ११.५ ग्रॅम तंतू आढळतात. म्हणून कणीक बारीक चाळणीने चाळून कोंडा फेकायचा आणि मग पोळीला नावे ठेवून भाकरीकडे वळायचे, यात फारसा अर्थ नाही.

आता वेगाविषयी. कर्बोदके पोटात गेल्यावर त्यांचे ग्लुकोज होऊन ते रक्तात किती वेगाने उतरते, हे मोजण्याची पद्धत टोरांटो विद्यापीठातील डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली मांडली. तिला ग्लायसेमिक इंडेक्स म्हणतात. शुद्ध ग्लुकोजला १०० धरले जाते. ५५ किंवा त्याहून कमी अंक असलेले पदार्थ सावकाश, तर ७० आणि त्याहून अधिक अंकाचे पदार्थ वेगाने साखर चढवणारे मानतात. परंतु हा अंक धान्याच्या नावाला चिकटलेला नसतो. दाणा अखंड असेल तर त्याच्या पेशींच्या भिंती फोडून आतल्या पिष्टापर्यंत पोहोचायला पाचक रसांना वेळ लागतो. दाणा दळला की त्या भिंती फुटतात, पीठ जितके बारीक तितके काम सोपे होते, आणि तेच पीठ भरपूर पाण्यात शिजवले की पिष्टाचे कण फुगून जवळजवळ अर्धे पचन भांड्यातच उरकते.

तुमच्या नागलीच्या सत्त्वाचे नेमके असेच झाले आहे. सुरगाणा-पेठच्या डोंगरातली नागली कॅल्शियमने समृद्ध आहे, याबद्दल वाद नाही. पण ती भिजवून, मोड आणून, वाळवून, वस्त्रगाळ करून, पाण्यात शिजवून आणि वर गूळ घालून प्यायली, तर ती पचायला हलकी होते. आपण 'पचायला हलके' हे शब्द नेहमी कौतुकाने वापरतो आणि बाळाला किंवा आजारातून उठलेल्या माणसाला ते सत्त्व द्यावेही. मधुमेहात मात्र जे झटकन पचते ते झटकन रक्तातही उतरते. नागली हवीच असेल, तर तिची लहान भाकरी करून उसळीबरोबर खाणे अधिक बरे.

तुमच्या ताटात दुसरी उणीव आहे ती प्रथिनांची. दोन भाकरी आणि पालेभाजी एवढेच जेवण असेल, तर पिष्टाला पोटात रोखून धरणारे जवळपास काहीच नाही. प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ बरोबर असले की जठर आपले दार हळूहळू उघडते, अन्न थोडे थोडे लहान आतड्यात उतरते आणि स्वादुपिंडाला इन्सुलिन पुरवण्यासाठी उसंत मिळते. म्हणून एकच भाकरी घ्यावी, तीही शक्य असल्यास थोडी पातळ थापलेली. तिच्याबरोबर वाटीभर घट्ट वरण किंवा मटकी-मुगाची उसळ, चालत असेल तर अंडे किंवा मासा, आणि भाजी व कोशिंबीर आताच्या दुप्पट. पिठल्याला मी प्रथिनांच्या बाजूला धरते, मात्र ते पातळ पाण्यासारखे नसावे.

माझ्या शब्दावर विसंबण्याऐवजी हे तुम्ही घरीच पडताळून पाहू शकता. घरात ग्लुकोमीटर असेल, तर एके दिवशी जेवणाचा पहिला घास घेण्यापूर्वी आणि त्यानंतर दोन तासांनी साखर मोजा. दुसऱ्या दिवशी ताट बदलून तसेच करा. दोन्ही दिवशी किती अंकांनी उडी पडली, याची तुलना करा. दोन तासांनंतरचा आकडा १८० च्या आत असावा, असे बहुतेक मधुमेही व्यक्तींसाठी धरले जाते. तुमच्यासाठीची मर्यादा तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या. आठवडाभर असे केलेत, तर कोणत्या ताटाने तुमची साखर किती चढते ते या सदरापेक्षा तुम्हालाच अधिक नेमके कळेल.

प्रश्न : मॅडम, मी श्रावणातले सगळे सोमवार करते. मागच्या वर्षी तिसऱ्या सोमवारी उपास करून ब्रह्मगिरीच्या फेरीला गेले असता वाटेत हातपाय थरथरू लागले, दरदरून घाम फुटला आणि डोळ्यांसमोर अंधारी आली. बरोबरच्या बाईंनी राजगिऱ्याचा लाडू दिला, पण बरे वाटायला बराच वेळ लागला. गंमत म्हणजे रात्री उपास सोडल्यावर साखर मोजली तर ती २६० होती. मी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन या गोळ्या घेते. उपासाला साबुदाणा वाईट आणि भगर चांगली, असे सगळे सांगतात. नेमके काय खावे?
— एक गृहिणी, पंचवटी

उत्तर : काय खावे याच्या आधी गोळीविषयी बोलले पाहिजे, कारण त्या दिवशी तुमच्या बाबतीत जे घडले त्यात धोका होता. ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, आणि तुम्ही जेवलात की नाही याची वाट ती पाहत नाही. पोट रिकामे, गोळी घेतलेली आणि वर सुमारे २० किलोमीटरची डोंगराळ फेरी, म्हणजे चालणारे स्नायूही रक्तातली साखर ओढून घेत होते. साखर ७० च्या खाली गेली की थरथर, घाम, धडधड, गोंधळलेपण अशी लक्षणे दिसतात. नुसत्या मेटफॉर्मिनने असे सहसा होत नाही. यंदा श्रावण सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटून उपासाच्या दिवशी कोणती गोळी केव्हा आणि किती घ्यायची, हे लिहून घ्या. मनाने गोळी सोडणेही योग्य नाही. फेरी आणि कडक उपास दोन्ही एकाच दिवशी करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. महादेवाला त्यात वावगे वाटेल असे मला वाटत नाही.

पुन्हा कधी असे झाले तर लाडू उपयोगाचा नाही. घट्ट लाडू चावून, पचून रक्तापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, आणि त्यात शेंगदाणे किंवा तूप असेल तर तो वेळ आणखी लांबतो. म्हणूनच तुम्हाला बरे वाटायला उशीर झाला. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात विरघळवून प्यावी, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम साखर पोटात जाते. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे, गरज असल्यास तेवढेच पुन्हा घ्यावे आणि सावरल्यावर काहीतरी खावे. उपास मोडला म्हणून अशा वेळी मागे सरू नये. फेरीला जाताना ग्लुकोजची पुडी कमरेच्या पिशवीत असावी आणि आपल्याला मधुमेह आहे हे बरोबरच्या किमान एका व्यक्तीला ठाऊक असावे.

रात्रीचे २६० हे त्याच दिवसाचे दुसरे टोक आहे. साखर खाली गेली की शरीर तिला वर खेचणारी संप्रेरके सोडते, यकृतातली साठवण रक्तात येते, आणि त्यातच दिवसभराच्या भुकेने आपण उपास सोडताना दुप्पट जेवतो.

आता साबुदाणा. दक्षिण अमेरिकेतून जगभर पसरलेल्या कसाव्याच्या कंदातले पिष्ट धुऊन, गोळ्या करून, वाफवून आणि वाळवून तो तयार होतो. त्यात तंतू जवळजवळ नाहीत आणि प्रथिने नावालाच. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ८७ ग्रॅम कर्बोदके असतात. खिचडीची एक बशी भरली की पोटात ५० ते ६० ग्रॅम पिष्ट गेलेच. (हा कंद मुळात भारतातला नसताना तो इतका सोवळ्यातला कसा झाला, हे मला नेहमीच कुतूहलाचे वाटत आले आहे.) भगर त्याहून बरी, कारण ती अखेर एक भरड धान्य आहे आणि तिच्यात थोडी प्रथिनेही आहेत, परंतु कर्बोदकांच्या बाबतीत ती तांदळाचीच बहीण आहे. तिचा भाताएवढा ढीग वाढून घेतला, तर 'चांगली' या विशेषणाचा काही उपयोग होत नाही. अर्धी-पाऊण वाटी भगर आणि तिच्यावर भरपूर दाण्याची आमटी, बाजूला दही व काकडीची कोशिंबीर, असे प्रमाण ठेवा. राजगिऱ्यात १३ ते १४ टक्के प्रथिने असतात ही जमेची बाजू, मात्र लाह्या झाल्या की त्याचे पिष्ट फुलते आणि साखर वेगाने चढते. म्हणून लाह्या दुधात कालवून वाडगाभर खाण्यापेक्षा राजगिऱ्याच्या पिठाचे थालीपीठ दह्याबरोबर बरे. आणि दिवसाचे दोन-तीन लहान भाग पाडा. एकदाच खाण्याच्या उपासात तुमच्या साखरेला दिवसा दरी आणि रात्री डोंगर चढावा लागतो.

प्रश्न : माझी चार एकर थॉमसनची बाग आहे. मागच्या वर्षी मधुमेह निघाला. घरातले आता बागेतला एक मणीही तोंडात टाकू देत नाहीत, उलट बेदाणे 'सुका मेवा' म्हणून खायला देतात. हे बरोबर आहे का?
— एक द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका

उत्तर : बरोबर नाही, आणि याचे गणित तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले मांडता येईल, कारण तुमच्या खिशात रिफ्रॅक्टोमीटर असतो. काढणीपूर्वी रसाचा थेंब त्यावर टाकून तुम्ही १८ ब्रिक्स वाचता, तेव्हा १०० ग्रॅम रसात सुमारे १८ ग्रॅम विरघळलेले घन पदार्थ आहेत असा त्याचा अर्थ असतो, आणि त्यातला बहुतेक भाग साखरेचाच, म्हणजे जवळपास समप्रमाणातल्या ग्लुकोजचा आणि फ्रुक्टोजचा असतो. मण्याच्या आकारानुसार २० ते २५ मणी म्हणजे १०० ग्रॅमच्या आसपास. त्यांतून १६-१७ ग्रॅम साखर पोटात जाईल. ती पाऊण पोळीपेक्षा थोडीच अधिक आहे. दुपारच्या जेवणातली एक पोळी कमी करून किंवा चार वाजताची बिस्किटे सोडून एवढी द्राक्षे खाता येतील. जेवणावर वरून, 'फळ आहे' म्हणून खाऊ नयेत.

आता बेदाणे. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. उडून जाते ते पाणी. साखर सगळी मागे राहते. म्हणून २५ ग्रॅमची लहानशी मूठ म्हणजे त्या २०-२५ मण्यांचीच साखर, फक्त ती तीन घासांत संपते आणि पोट भरल्याचे कळतही नाही. रसाचेही तेच : पेलाभर रसाला निदान पाव किलो द्राक्षे लागतात, आणि पाव किलो द्राक्षे चावून खाताना माणूस मध्येच थांबतो, पिताना थांबत नाही.

तुमच्या बाबतीत खरी अडचण फेब्रुवारी-मार्चमधल्या चाखण्याची असावी असा माझा अंदाज आहे. गोडी पाहण्यासाठी या ओळीतले दोन, त्या ओळीतले तीन, व्यापारी आला की पुन्हा त्याच्याबरोबर चार, असे दिवसाअखेर अर्धा किलो सहज होते. हंगामात सकाळी आपल्या वाट्याचे मणी वाटीत काढून ठेवा आणि बाकीचे चाखणे गड्यांवर आणि रिफ्रॅक्टोमीटरवर सोपवा.

प्रश्न : मी ३४ वर्षांचा असून अंबडच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. वजन ६२ किलो आहे, अंगावर चरबी नाही, तरी कंपनीच्या तपासणीत एचबीएवनसी ५.९ निघाले. सकाळी घरी पोहे किंवा सुटीच्या दिवशी बाहेर मिसळ-पाव असतो, पण दोन तासांत पुन्हा कडकडून भूक लागते आणि चहा-बिस्किटे होतात. पोट भरत का नाही?
— एक वाचक, अंबड

उत्तर : ५.७ ते ६.४ हा टप्पा मधुमेहाच्या उंबरठ्याचा मानला जातो. तुम्ही उंबरठ्यावर आहात, आत गेलेला नाहीत, आणि इथून मागे फिरणे पुष्कळांना जमते. बारीक माणसाला हे कसे, याचे उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी एका छायाचित्रातून दिले होते. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी स्वतःचे आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन तंतोतंत सारखे, म्हणजे बीएमआय २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्यापैकी अनेकांची चरबी अंगावर दिसत नाही, ती पोटाच्या आत दडलेली असते आणि स्नायू कमी असतात. तुमच्या कमरेचा घेर मोजून पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांना अवश्य सांगा.

भुकेचा प्रश्न यालाच लागून आहे. पोट भरल्याची खबर मेंदूला दोन वाटांनी मिळते. जठर ताणले गेले की तिथल्या मज्जातंतूंमार्फत पहिली खबर जाते, तर अन्न, विशेषतः प्रथिने आणि स्निग्धांश, आतड्यात पोहोचले की तिथून सुटणारी संप्रेरके दुसरी आणि अधिक टिकाऊ खबर देतात. बशीभर पोह्यांनी जठर ताणले जाते, पण ६० ग्रॅम पोह्यांतून प्रथिने मिळतात चार-पाच ग्रॅमच. त्यामुळे पहिली खबर विरली की दुसरी पोहोचतच नाही. शिवाय पोहे मुळात शिजवून, दाबून, चपटे केलेले तांदूळ आहेत. त्यांची साखर लवकर चढते, इन्सुलिनच्या जोराने लवकर उतरते, आणि त्या उतरणीवर बिस्किटाचा पुडा उघडला जातो.

१९९५ साली सिडनी विद्यापीठात सुझॅना होल्ट आणि सहकाऱ्यांनी ३८ पदार्थ २४० कॅलरींच्या समान मापात लोकांना खायला देऊन पुढचे दोन तास त्यांची भूक मोजली. पांढऱ्या ब्रेडला १०० गुण धरले असता सर्वांत वर आला तो साधा उकडलेला बटाटा, ३२३ गुणांसह, आणि तळाला राहिला लोण्याने भरलेला क्रॉसाँ, ४७ गुणांवर. बटाट्याचे हे यश मला फार आवडते, कारण उकडलेल्या बटाट्याने साखर वेगाने चढते. पोट भरणे आणि साखर न चढणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याला दोन्ही एकाच ताटात हव्या आहेत.

तेव्हा पोहे सोडू नका, निम्मे करा. त्यांत मूठभर शेंगदाणे, मटार, कोबी, मिळतील त्या भाज्या घाला आणि बरोबर दोन उकडलेली अंडी किंवा वाटीभर मोड आलेले मूग घ्या. मिसळीला तर नाशिककराने वाईट म्हणूच नये. तिच्या तळाशी असलेली मटकी उत्तम आहे. बिघाड होतो तो वरच्या फरसाणाने, तर्रीने आणि मागाहून येणाऱ्या तिसऱ्या-चौथ्या पावाने. मटकी जास्त मागा, फरसाण चिमूटभर, पाव एक, आणि दही आवर्जून घ्या. रात्रपाळीत मात्र मुख्य जेवण कामावर जाण्यापूर्वी उरका. मध्यरात्री शरीराची साखर हाताळण्याची क्षमता दिवसापेक्षा कमी असते, म्हणून पहाटे दोनचा वडापाव दुपारच्या वडापावापेक्षा महाग पडतो. त्या वेळी फुटाणे, ताक किंवा अंडे पुरे.

प्रश्न : आम्ही इगतपुरी तालुक्यातले. शेतात इंद्रायणी पिकतो आणि घरात दोन्ही वेळा भातच शिजतो. भात सोडणे अशक्य आहे. भात गार करून खाल्ला तर चालतो, असे ऐकले, ते खरे का?
— एक शेतकरी, घोटी परिसर

उत्तर : थोडेसे खरे आहे. शिजलेला भात गार झाला की त्यातल्या पिष्टाचा काही भाग पुन्हा घट्ट बांधला जातो आणि पाचक रसांना दाद देत नाही. तो तसाच मोठ्या आतड्यात जातो, आणि भात पुन्हा गरम केला तरी हा फायदा पूर्णपणे जात नाही. म्हणजे सकाळचा फोडणीचा भात अगदीच टाकाऊ नाही. परंतु हा भाग लहान असतो. एका वाटीच्या दोन वाट्या करण्याची मुभा त्यातून मिळत नाही. भात तासन्‌तास ओट्यावर राहिला तर त्यात पोट बिघडवणारे जंतू वाढतात, तेव्हा तो वाफ जिरताच फ्रीजमध्ये ठेवावा. इंद्रायणीसारखा मऊ, चिकट भात एरवी मोकळ्या, फडफडीत भातापेक्षा लवकर पचतो, हेही ध्यानात असू द्या.

याहून मोठा फरक क्रमाने पडतो. २०१५ साली न्यूयॉर्कच्या वेल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातल्या एका छोट्या अभ्यासात मधुमेही व्यक्तींना तेच जेवण दोन क्रमांनी दिले. भाज्या व प्रथिने आधी आणि ब्रेड व रस पंधरा मिनिटांनी, असे दिले असता तासाभरानंतरची साखर उलट क्रमापेक्षा एक तृतीयांशाहून अधिक कमी आढळली. आपल्याकडे पंगतीची सुरुवातच वरणभाताने होते, त्यामुळे हे घरात पटवून देणे सोपे नाही. निदान एवढे करा : आधी कोशिंबीर, उसळ आणि भाजी अर्धी संपवा, मग एक वाटी भात, आणि त्यावर वरण भाताइतकेच. वरचे चमचाभर तूप आणि लिंबू राहू द्या. दोन्हींनी पिष्टाचा वेग किंचित कमीच होतो. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे शेतावर चक्कर मारली, तर त्याचा गुण आणखी वेगळा.

प्रश्न : तुमच्या सल्ल्यानुसार रोज उसळी सुरू केल्या. वय ६८. पोट फुगते, वायू धरतो, रात्री झोप येत नाही. बंद करू का?
— एक ज्येष्ठ वाचक, नाशिकरोड

उत्तर : 'रोज' हा माझ्याकडून पुरेसा न उलगडलेला शब्द, त्याबद्दल दिलगीर आहे. कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा काही शर्करा असतात. त्या तोडणारे विकर माणसाच्या लहान आतड्यात नसते. त्या तशाच मोठ्या आतड्यात पोहोचतात, तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि वायू तयार होतो. हे जिवाणू एरवी आपल्या उपयोगाचे आहेत, परंतु इतकी वर्षे ज्यांना फारसे खायला मिळाले नाही त्यांच्यासमोर अचानक पंगत वाढल्यासारखे झाले आहे. दोन आठवडे एक दिवसाआड पाव वाटीच घ्या, तीही मुगाची किंवा मसुराची. हरभरा, वाल, राजमा सध्या नको. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्या, मोड आणा आणि ताज्या पाण्यात अगदी मऊ शिजवा. कच्चे मोड या वयात टाळा. पाणी पुरेसे प्या. हिंग-आल्याची फोडणी तुमच्या घरात असतेच.

मेटफॉर्मिन नव्याने सुरू झाले असेल, तर वायू आणि जुलाब त्यानेही होतात. जेवणासोबत घेण्याविषयी किंवा सावकाश विरघळणाऱ्या गोळीविषयी डॉक्टरांना विचारा. वजन आपोआप घटत असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा दोन घासांतच पोट गच्च होऊन उलटी होत असेल, तर उसळीला दोष न देता लगेच तपासणी करून घ्यावी. बरीच वर्षे मधुमेह असलेल्यांमध्ये जठराचे मज्जातंतू मंदावूनही असे होते.

प्रश्न : साखरेऐवजी गुळाचा चहा सुरू केला आहे. दिवसातून चार कप होतात. चालेल ना?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : गूळ म्हणजे उसाच्या रसातली न गाळलेली साखरच. त्यातले लोह आणि खनिजे चहात पडणाऱ्या खड्यातून मोजण्याइतकी मिळत नाहीत, आणि रक्ताला दोन्हींतला फरक जवळजवळ कळत नाही. कपामागे दहा ग्रॅम गूळ धरला तरी चार कपांत चाळीस ग्रॅम होतो. जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसालाही वरून घातलेली साखर दिवसाकाठी शक्यतो पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवायला सुचवते. दोन कप करा आणि त्यांतला खडा दर आठवड्याला थोडा थोडा लहान करत न्या. जिभेची सवय दोन-तीन आठवड्यांत मोडते. आले आणि गवती चहा तोवर सोबतीला आहेतच.